बारा सेंटीमीटर आखूड

मित्रांनो, मी माती काढायचं एक जुनं गिरमिट आहे, आणि मी सहा वर्षं खोटं बोललो. आत्मवृत्ताची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला माहीत आहे. आधी जन्म, मग कामाची वर्षं, मग कौतुक आणि शेवटी कपाटातली धूळ, असा क्रम असतो. पण मला घाई आहे. पावसाळा तोंडावर आलाय. त्यामुळे जन्माचं पटकन उरकतो.

एका कारखान्यात मी जन्मलो. माझी उंची दोन मीटर आणि वजन सहा किलो. डोक्यावर आडवा दांडा आहे, पायाशी पोकळ पोलादी तोंड आहे आणि त्याला दोन दात आहेत. मला जमिनीवर उभं करून दांडा दोन्ही हातांनी घुमवतात. मी खाली जातो, तोंड भरून माती घेतो, वर येतो आणि ओकतो. पुन्हा खाली जातो. रोज तेच. तुमच्यापैकी काहींची शाळा याहून फार वेगळी नसेल.

माझ्या अंगावर दर दहा सेंटीमीटरला एक लाल पट्टा आहे आणि शेजारी आकडा, तोंडाच्या टोकापासून मोजलेला. जो पट्टा जमिनीला टेकला, तेवढं भोक खोल. मधल्या बारीक रेघांवरून सेंटीमीटरही कळतात. मला याचा फार अभिमान होता. खोऱ्याला, घमेल्याला, बादलीला आकडे नसतात. मला होते.

आता माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरातल्या संडासाचं पाणी जातं कुठे, हा प्रश्न जेवताना कुणी विचारत नाही आणि जेवून उठल्यावर सगळे विसरतात. ते आधी जमिनीखालच्या टाकीत जातं. गाळ तळाशी बसतो. वरचं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं आणि तिथून मातीत मुरतं. मुरता मुरता माती ते गाळून घेते. कोरडी माती पुरेशी जाड असेल तर ती हे काम बिनबोभाट करते आणि पगारही मागत नाही. पण पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढत असेल, तर खड्ड्यातली घाण त्या पाण्याला भेटते, ते पाणी विहिरीला भेटतं, आणि विहीर तुम्हाला भेटते.

पाणी कुठवर चढतं, हे उन्हाळ्यातसुद्धा कळतं. जी माती वर्षातले काही महिने पाण्यात बुडते, तिचा तांबूस रंग उडतो आणि तिच्यात राखाडी ठिपके पडतात. नियम साधा आहे. राखाडी ठिपके जमिनीपासून दीड मीटरच्या आत दिसले, तर तिथं शोषखड्डा करायचा नाही. एकशे पन्नास सेंटीमीटर. एकशे एकोणपन्नास आलं तरी नाही.

हे बघायचं शिक्षण जिथं देतात आणि लोकांची अंगणंही तपासून देतात, त्या केंद्रात मी नोकरीला लागलो. शिकवणारे सर मातीतच राहायचे. त्यांच्या बुटांना, खिशांना, चष्म्याच्या काडीला माती असायची. मुलं त्यांना पाठीमागे चिखलसर म्हणायची आणि तोंडावर सर. माती ओली करून अंगठ्यानं बोटावर दाबायची, तिची पट्टी किती लांब निघते ते बघायचं, लांब निघाली तर चिकण, लगेच तुटली तर रेताड, हे ते इतक्या प्रेमानं शिकवायचे की घरी त्यांच्या बायकोला मातीचा मत्सर वाटत असणार.

चार वर्षं मी खरं बोललो. पाचव्या वर्षी एका अंगणात जमिनीखाली जुन्या, विसरलेल्या टाकीचं झाकण होतं. ते काँक्रीटचं होतं. मी नव्हतो. माझं तोंड मोडलं.

वेल्डरनं मोडका भाग कापला, एका रद्दी गिरमिटाचं तोंड आणून मला जोडलं आणि मला भिंतीला टेकवून बघितलं.

"थोडं आखूड झालंय," तो म्हणाला.

"कितीसं?" भांडारपालानं विचारलं.

वेल्डरनं अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली, मग जरा जवळ आणली. "एवढं."

"चालतंय. दोन मीटर खोल जातंय कोण? आणि पट्टे?"

"पट्टे मस्त आहेत की. रंग अजून चकचकीत आहे."

"मग राहू दे. चांगला रंग कशाला खरवडायचा?"

झालं. टोक बारा सेंटीमीटर वर सरकलं आणि पट्टे जिथल्या तिथं राहिले. त्या दिवसापासून मी एकशे पन्नास म्हणायचो तेव्हा भोक खरं तर एकशे अडतीस असायचं. पुढची सहा वर्षं एकाही माणसानं मला आडवं करून टेप लावला नाही. टेप नव्हता असं नाही. सगळ्यांच्या खिशात होता. पण टेप विहिरीपासूनचं अंतर मोजायला असतो आणि खोली मोजायला गिरमिट असतं. गिरमिट मोजायला काही असावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि मग माझं कौतुक सुरू झालं.

कारण बघा, माझ्या हिशेबानं राखाडी ठिपके नेहमी बारा सेंटीमीटर जास्त खोल निघायचे. दुसऱ्या गिरमिटांनी नापास केली असती अशी अंगणं माझ्या हातून पास व्हायची. गवंड्यांमध्ये बातमी पसरली की केंद्रात एक लकी गिरमिट आहे. लोक फोन करून सांगायचे, "साहेब, तेच लाल पट्ट्यांचं आणा हं." एका घरमालकानं तर मला स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं पुसलं. आपल्या चष्म्याच्या काचाही त्यानं कधी इतक्या मनापासून पुसल्या नसतील. मी लाजेनं मेलो, पण लोखंडाचा असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

पकडलं जावं म्हणून मी काय काय केलं! आधी कुरकुरलो. मला तेल घातलं. मग दांड्यापाशी सैल झालो. मला पाना लावला. मग गंजायला लागलो. गंजणं हे आमच्यातलं एकमेव आंदोलन. तर सरांनी मला पॉलिश पेपरनं घासलं आणि नवा लाल रंग आणला. मला वाटलं, आता सुटलो. आता खुणा नव्यानं काढतील. पण ते चष्मा नाकावर घेऊन बसले आणि दोन तास खपून प्रत्येक पट्टा जुन्या पट्ट्यावर तंतोतंत रंगवला. एक केसभरही इकडे तिकडे नाही. माझं खोटं इतकं नीटनेटकं कधीच दिसलं नव्हतं.

मग टँकरताई आली.

ती बावीस वर्षं मैला उपसायचा टँकर चालवत होती. जाड पाइप ओढून ओढून तिची कंबर गेली होती. डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, "तुम्ही रोज उचलता तरी काय?"

"लोकांचं," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून दिलं की यापुढे वजन ओढायचं नाही. ऑफिसनं सांगितलं की तपासनीसाची परीक्षा पास झालात तर ती नोकरी देतो, नाहीतर टँकर, आणि टँकर झेपत नसेल तर घरी बसा. परीक्षेच्या संधी तीन. घरी तिची सासू होती आणि चूल एकटीच्या पगारावर पेटायची.

पहिल्यांदा ती लेखी परीक्षेतच नापास झाली. 'टाकीतील गाळाचे गुणधर्म लिहा' या प्रश्नाला तिनं 'तुम्हीच या बघायला' असं उत्तर लिहिलं होतं.

दुसऱ्यांदा लेखी सुटलं, पण प्रत्यक्ष कामात ती माझ्यामुळे गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्याकडे गाठी मारलेली एक दोरी होती. टँकरच्या कामात त्या दोरीनं ती गाळ किती साचलाय ते मोजायची. परीक्षेत तिनं मला घुमवलं, माती काढली, राखाडी ठिपके बरोबर ओळखले, आणि खोली मात्र भोकात दोरी सोडून मोजली. सरांच्या उत्तरापेक्षा तिचं उत्तर बारानं कमी आलं.

"ताई, दोरीवर भरवसा ठेवू नका," सर मायेनंच म्हणाले होते. "दोरी ताणते, आखडते. लोखंड तसलं काही करत नाही." आणि त्यांनी मला थोपटलं.

शून्य गुण.

आता तिसरी आणि शेवटची खेप होती. परीक्षेआधी सराव करायला हत्यार घरी न्यायची परवानगी होती, म्हणून ताईनं मला घरी नेलं. एकच खोली. एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला सासूची खाट, खाटेखाली धान्याचे डबे आणि डब्यांवर अभ्यासाची पुस्तिका. मला फ्रिजच्या मागे कोपऱ्यात उभं केलं. संध्याकाळी सासूबाई पुस्तिका डोळ्यांच्या अगदी जवळ धरून प्रश्न विचारत होत्या.

"सांग, राखाडी ठिपके म्हणजे काय?"

"पाणी."

"इथं चार ओळी लिहिल्यात."

"चार ओळींचं पाणी."

"चावटपणा करू नकोस. या खेपेला गेलीस तर मी टँकर चालवायला घेईन, सांगून ठेवते."

"तुम्हाला आरशात मागचं दिसतं का, आई?"

"पुढचंसुद्धा दिसत नाही. म्हणून तर म्हणते, पास हो."

ताई हसली. भांडी पुसत म्हणाली, "या खेपेला दोरी नेणारच नाही. गिरमिट सांगेल तेच लिहिणार. आपली अक्कल घरी ठेवून जाणार."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायला मला तोंडच आहे, पण त्याचा उपयोग फक्त माती खायला होतो. मी काय करू शकत होतो? खाली फरशी होती. एकेक फूट लांबीच्या फरशा एका ओळीत. मी जिवाच्या आकांतानं तोल सोडला आणि धाडकन त्या ओळीवर आडवा झालो. म्हटलं, मोजा गं बायांनो! फूट म्हणजे तीस सेंटीमीटर. सहा फरशा आणि वर थोडं. माझ्या अंगावर दोन मीटर लिहिलंय. मोजा!

"याला नीट उभं कर बाई," सासूबाई म्हणाल्या. "कुणाचा तरी पाय मोडेल."

ताईनं मला नीट उभं केलं आणि वर दोरीनं फ्रिजच्या जाळीला बांधलं.

परीक्षा रस्त्याच्या टोकाच्या एका घरी होती. पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि सुनेच्या कडेवर सात महिन्यांचं बाळ. त्यांना नवा संडास बांधायचा होता. अंगणात विहीर होती. सर आठवड्यापूर्वीच येऊन मला त्या अंगणात घुमवून गेले होते. आकडा एकशे त्रेपन्न आला होता. तो आकडा लखोट्यात बंद होऊन मुख्य ऑफिसात गेला होता. परीक्षेची उत्तरं त्याच्याशीच ताडून बघणार होते.

आम्ही फाटकातून आत शिरलो तर अंगणाच्या मधोमध एक भलामोठा खड्डा.

"अहो आजोबा, हा कुणी खणला?" सरांनी विचारलं.

"मीच खणून घेतला. टाकीसाठी. दोन मीटर खोल, बघा, काठ कसे कापलेत."

"पण परवानगी कुठे मिळालीय अजून?"

"मिळणारच की. तुम्ही ते लकी गिरमिट आणताय ना? मागच्या आठवड्यात बघितलं मी. गवंडी म्हणाला, हे आलं म्हणजे झालंच काम."

"आजोबा, परवानगी मातीवर ठरते."

"मग मातीला सांगा, पुढच्या महिन्यात पाहुणे येणार आहेत."

परीक्षेला दोघं होते. एक टँकरताई आणि दुसरा एक पदवीधर, त्याला सगळे सायन्स म्हणायचे, कारण तो कशाचंही शास्त्रीय कारण सांगायचा. त्यानं पहिला नंबर लावला. मला घुमवलं, माती ओळीनं पोत्यावर मांडली, माझा पट्टा वाचला आणि एकशे त्रेपन्न लिहून मोकळा झाला.

मग ताई. तिनं शोषखड्ड्याच्या जागी, सायन्सच्या भोकाशेजारीच, नवं भोक पाडलं. कंबरेला हात लावत, दर दोन-तीन फेऱ्यांनी थांबत. मातीचा प्रत्येक घास पोत्यावर क्रमानं मांडला. ओली पट्टी काढून बघितली. राखाडी ठिपका दिसला तिथं थांबली, मला सरळ धरलं आणि माझा आकडा वाचला. एकशे त्रेपन्न. तिनं तो लिहिला. आपली अक्कल खरंच घरी ठेवून आली होती. मी तिच्या हातात कुरकुरलो. तिला वाटलं, तेल कमी पडलंय.

पुढचा प्रश्न विहिरीपासूनच्या अंतराचा होता. ताईनं खिशातून टेप काढला आणि विहिरीकडे निघाली. वाटेत तो खड्डा आला. तिनं आत डोकावलं, ते काही परीक्षेसाठी नव्हे. बावीस वर्षं खड्ड्यात डोकावून डोकावून मान आपोआप वाकते.

खड्ड्याचा काठ सरळ कापलेला होता. वरची माती तांबूस. खाली राखाडी ठिपक्यांची माती. दोन्हींच्या मधली रेघ साडीच्या काठासारखी स्वच्छ. ताईनं टेपाचं टोक सवयीनंच खाली सोडलं.

एकशे एकेचाळीस.

तिनं आकडा पुन्हा वाचला. मग चालत आपल्या भोकापाशी आली. टेपाच्या टोकाला खडा बांधला आणि तो भोकात सोडला. एकशे एकेचाळीस.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, सहा वर्षं सगळ्यांनी माझे आकडे बघितले होते. मला कुणी बघितलं नव्हतं. तिनं मला गवतावर आडवं घातलं, टोकापासून टेप ताणला आणि दीडशेच्या पट्ट्यापाशी वाकली.

"सर," ती म्हणाली, "जरा इकडं येता?"

"ताई, वेळ चाललीय. अंतर लिहा."

"टेपाचं टोक धरा फक्त."

सरांनी धरलं. वाकून बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. माझ्यावर दीडशे लिहिलं होतं. टेपावर एकशे अडतीस.

सर त्या खड्ड्याच्या काठावर बसले. पाय आत सोडून, लहान मुलासारखे. मग म्हणाले, "मागच्या वर्षीची तुमची दोरी..."

"हो सर."

"हे पट्टे मीच रंगवले. नव्यानं. दोन तास."

"छान रंगवलेत," ताई म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. तिला दुसरं काही सुचलं नव्हतं.

सायन्स जवळ आला. "याला शास्त्रीय कारण..." त्यानं सुरुवात केली आणि सरांचा चेहरा बघून थांबला. त्याचा पेपर आधीच लखोट्यात गेला होता.

सरांनी ताईला माझ्यासकट बाजूला बोलावलं. आवाज खाली आणला. "हे बघा. वर गेलेलं उत्तर एकशे त्रेपन्न आहे. तुम्ही तेच लिहिलंय. राहू द्या तसंच. पास व्हाल. बाकीचं मी बघतो."

"कधी बघणार, सर?"

"कळवतो ना वर. रीतसर."

"आणि या आजोबांचं?"

"परवानगीचा कागद वेगळा असतो."

"तो कागद याच आकड्यावरून निघतो, सर. तुम्हीच शिकवलंत."

सर बुटाची माती खरवडायला लागले. ते वाईट नव्हते. घाबरले होते. सहा वर्षांची घरं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावीत. ताईही घाबरली होती. मी तिच्या मुठीत होतो, मला कळत होतं. एकशे त्रेपन्न म्हणजे खुर्ची, टेबल, सरळ कंबर. एकशे एकेचाळीस म्हणजे पाइप.

तेवढ्यात सूनबाई पाणी घेऊन आल्या. "घ्या ताई, उन्हात दमलात. विहिरीचं आहे, गार आहे."

ताईनं ग्लास घेतला. कडेवरचं बाळ ग्लासाकडे हात करत होतं.

"बाळालाही हेच देता?"

"उकळून देते. एखाद्या वेळी राहून जातं."

ताई पाणी प्यायली. ग्लास परत दिला. मग पेपर मांडीवर घेतला, एकशे त्रेपन्नवर आडवी रेघ मारली, बाजूला एकशे एकेचाळीस लिहिलं, आणि प्रत्येक खाडाखोडीपाशी सही करायची असते म्हणून सहीसुद्धा केली.

सरांनी तो पेपर हातात घेतला. मग खिशातून पेन काढलं आणि पानाच्या अगदी खाली लिहिलं, 'गिरमिट बारा सेंटीमीटर आखूड आहे. मी स्वतः मोजून पाहिलं. चूक माझी.' आणि सही केली.

"सगळी घरं पुन्हा बघायची म्हणजे..." ते पुटपुटले. "दोनशेच्या वर आहेत."

"सगळी कशाला?" ताई म्हणाली. "याचा आकडा एकशे बासष्ट किंवा वर आला असेल ती सुटली. बारा वजा केले तरी दीडशे भरतात. एकशे पन्नास ते एकशे एकसष्ट लिहिलेली तेवढीच बघायची."

सर तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी शिकवलं होतं, पण असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. आणि या उत्तराला पेपरात गुण नव्हते.

आजोबा मात्र खवळले. "लकी म्हणे! मग आता या खड्ड्याचं काय करू?"

"झाड लावा," सायन्स म्हणाला.

"दोन मीटर खोल? झाड लावू की पुरू?"

"आजोबा, बंद टाकी करा," ताईनं सांगितलं. "पाणी मातीत सोडायचंच नाही. भरली की टँकर बोलवायचा. मी येईन उपसायला." मग जरा थांबून म्हणाली, "आता बहुतेक मीच येणार."

निकाल दीड महिन्यानं लागला. सायन्स पास. टँकरताई अनुत्तीर्ण. कारण: 'उत्तर तक्त्याशी जुळत नाही.' सरांच्या शेऱ्याबद्दल खाली छापलं होतं, 'शेरा चौकटीबाहेर असल्यामुळे विचारात घेतला नाही.' सरांनी अर्ज केला. अर्जाला उत्तर आलं की अर्ज मिळाला. दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर आलं की पहिल्या अर्जाचं उत्तर बघावं. सासूबाईंनी निकालाच्या दिवशी टँकर चालवायची धमकी दिली नाही. त्यांनी ताईच्या कंबरेला तेल चोळलं आणि अभ्यासाची पुस्तिका डब्याखाली सरकवली.

मला एक चिठ्ठी चिकटवली, 'मोजमापासाठी वापरू नये', आणि एका कपाटात ठेवलं. डावीकडे मोडका पंखा, उजवीकडे गुंडाळलेले तक्ते. पंख्याला वाटायचं, आपण अजून फिरतो. मी त्याला काही बोललो नाही. मी अंधारात मोजत बसायचो. कागदपत्रांतून सदतीस घरं निघाली होती. सदतीस अंगणांत मी एकशे पन्नास ते एकशे एकसष्टच्या मधला आकडा बोललो होतो. त्यांतल्या काहींना विहिरी होत्या. काहींना बाळं असतील. ऑफिसनं त्या यादीवर 'यथावकाश' असा शिक्का मारला. पाऊस 'यथावकाश'ची वाट बघत नसतो.

आज सकाळी कपाट उघडलं. ताई उभी होती. मागे सायन्स, हातात यादी, नजर खाली. यादी त्यानंच गुपचूप उतरवून आणली होती. आज तिचा सुट्टीचा दिवस.

"ताई, चिठ्ठी बघा," भांडारपाल म्हणाला. "वापरायचं नाही हे."

"मोजायला वापरायचं नाही. मला भोक पाडायला हवंय."

"नवं नेत का नाही?"

"नव्याला सही लागते. आणि भोक पाडायला याच्यासारखं दुसरं नाही. मोजायला माझ्याकडे टेप आहे."

भांडारपालानं चिठ्ठी दोनदा वाचली. भोकाबद्दल तिच्यात काहीच नव्हतं.

मित्रांनो, मला जपा, मला तेल द्या, मला रंग लावा, अशी विनंती मी करणार नाही. तेल मला भरपूर मिळालं. रंग तर असा मिळाला की विचारू नका. माझी विनंती एवढीच आहे की ज्या वस्तूवर आकडे लिहिलेले आहेत, तिला वर्षातून एकदा तरी आडवं घाला आणि दुसऱ्या कशानं तरी मोजा. पट्टी असो, तराजू असो, की आमच्यासारखं गिरमिट. आम्हाला वाईट वाटणार नाही. आम्ही वाटच बघत असतो. आणि तुमच्या अंगणात कधी लाल पट्ट्यांचं गिरमिट येऊन गेलं असेल, आणि घरातले अजून 'आपलं तर एका फेरीत पास झालं' असं सांगत असतील, तर आज पाणी उकळून प्या. आजच. मी गंमत करत नाहीये.

पहिल्या घराचं फाटक आता एका बाईंनी उघडलंय. त्यांनी मला ओळखलं. चेहरा खुलला.

"अगंबाई, हे तर तेच! मागच्या वेळी किती छान निघाली होती आमची जमीन. परत कशाला तपासताय?"

"छान निघाली होती," ताई म्हणाली, "म्हणूनच."

तिनं मला अंगणात उभं केलं. टेप कंबरेला अडकवला, एक हात पाठीवर ठेवला, दुसऱ्या हातानं दांडा धरला. सायन्स धावत आला आणि त्यानं दांड्याची दुसरी बाजू धरली.

मी खाली निघालोय.